शिप्रेच्या काठाला पडलेल्या भेगा

महिदपूरच्या लढाईचा (२१ डिसेंबर १८१७) देखावा १:७२ प्रमाणात करतोय. अलीकडे होळकरांच्या तोफा, समोर शिप्रेचा उतार, पाण्यातून येणारी इंग्रजी फौज. अडीच सेंटीमीटरचे सैनिक छान जमले. जमीन मात्र तडकली.

देखावा माळव्याचा, म्हणून इंदूरचीच काळी माती चाळून फेव्हिकॉलमध्ये कालवली आणि थर्माकोलवर थापली होती. ही माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते. अर्ध्या सेंटीमीटरची भेग या प्रमाणात छत्तीस सेंटीमीटरची होते; घोड्याचा पाय मोडेल!

सगळं खरवडलं. वर्तमानपत्राचा लगदा (आईने मिक्सर दिला नाही, हातानेच कुस्करला), थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फेव्हिकॉल. पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच पुढचा. कागदाचे तंतू थर धरून ठेवतात. वर चाळलेली नदीची वाळू. ती आकसत नाही. त्यावर पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडलं. त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब हवाच, नाहीतर ते आत न मुरता वरच थांबतं.

काळी जमीन काळ्या रंगाने रंगवू नका, डांबर वाटते. काळ्यात तपकिरी मिसळून अॅक्रिलिकचा हात द्या, मग कोरड्या ब्रशने फिकट राखाडी उंचवट्यांवर फिरवा. स्प्रेचा डबा मात्र लांब ठेवा, उघड्या थर्माकोलला तो खातो.