मीटिंगला फॅसिलिटेटर ठेवला तरी वेळ वायाच जातोय? या चुका टाळा

नागपुरात आता मिहानमधल्या आयटीवाल्यांपासून ते बुटीबोरी-हिंगण्याच्या प्लांटपर्यंत मीटिंगला फॅसिलिटेटर ठेवायला लागलेत. म्हणजे बॉस सोडून असा एक जण, जो स्वतःचं मत पुढे रेटत नाही, फक्त चर्चा रुळावर ठेवतो, सगळ्यांना बोलतं करतो आणि शेवटी काय ठरलं ते पक्कं करून घेतो. कल्पना एकदम चांगली आहे, पण माणूस नेमला म्हणजे काम झालं असं लोक धरून चालतात, त्याच्या हातात ना अजेंडा ना कोणाला थांबवायचा अधिकार, मग तो "सर, पाच मिनिटं राहिली" एवढंच म्हणत बसतो आणि मीटिंग संपल्यावर टपरीवर चहा पिताना खरं बोलणं सुरू होतं. तिथेच कळतं की आत काय बोलायचं राहून गेलं.

हे काम मी जवळून पाहून राहिलो म्हणून सांगतो, चुका सगळीकडे जवळपास त्याच असतात.

अजेंड्यात विषय असतो, प्रश्न नसतो

"डिस्पॅचबद्दल चर्चा." बस, एवढंच लिहिलेलं असतं. आता यात गाडी उशिरा येते त्याचं बोलायचं, की पॅकिंगचं, की रात्रीच्या लेबरचं? प्रत्येक जण आपापली तक्रार घेऊन येतो आणि सगळेच बरोबर असतात. त्याऐवजी असं लिहा: "पुढच्या महिन्यापासून डिस्पॅचची शेवटची गाडी रात्री ९ ऐवजी ७ ला सोडायची का?" याला हो किंवा नाही असं उत्तर आहे. उत्तर मिळालं की मीटिंग संपली, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.

आणि असा एकही प्रश्न लिहिता येत नसेल तर मीटिंग घेऊच नका. नुसती माहिती द्यायची असेल तर मेल टाका, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मीटिंग रद्द करा असं सांगायचा हक्कसुद्धा फॅसिलिटेटरला पाहिजे, आणि तो त्याने वापरला तर त्याला कोणी नाव ठेवू नये.

साहेब पहिले बोलतात

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका प्लांटमधली गोष्ट सांगतो. मुद्दा होता पंपाच्या सीलचा व्हेंडर बदलायचा का. प्लांट हेड बसल्या बसल्या म्हणाले, "मला तर वाटते बदलून टाकावं, रेट चांगला मिळून राहिला." टेबलाभोवती सगळ्यांच्या माना हलल्या, दहा मिनिटांत ठरलं, सगळे खूश. बाहेर आल्यावर मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणतात, "ते सील आपल्या जुन्या पंपांना बसतच नाही ना भाऊ." अहो मग आत काहून नाही सांगितलं? "साहेबांनी ठरवलंच होतं, आपण कशाला मधात बोला."

यात सुपरवायझरचा दोष नाही. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत काही प्रयोग केले होते. कार्डावरच्या रेघांपैकी सारख्या लांबीची रेघ ओळखायची, एवढं सोपं काम, पण खोलीतले बाकीचे लोक आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. तपासायच्या लोकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसत होतं ते सोडून बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळला. आणि तिथे कोणाचं इन्क्रीमेंट कोणाच्या हातात नव्हतं! पण त्याच प्रयोगात खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती ठेवला तर हे प्रमाण एकदम खाली यायचं. फॅसिलिटेटरचं अर्धं काम हेच आहे, तो पहिला वेगळा आवाज बाहेर काढणं.

करायचं कसं? मीटिंगच्या आधी साहेबांना एकटं गाठा आणि स्पष्ट सांगा की तुमचं मत शेवटी घेतो, नाहीतर बाकीचे बोलत नाहीत. बहुतेक साहेब ऐकतात, फक्त हे चारचौघांत सांगायचं नाही. मग मीटिंगमध्ये प्रश्न बोर्डावर लिहा, प्रत्येकाला चिठ्ठी द्या, तीन मिनिटं कोणीच बोलायचं नाही, आपापलं उत्तर आणि एक अडचण लिहायची, चिठ्ठीवर नाव नको. चिठ्ठ्या फॅसिलिटेटरनेच वाचायच्या. त्या सीलसारखी गोष्ट चिठ्ठीवर येते, तोंडातून येत नाही.

नवीन आयडिया काढायच्या असतील तर बर्न्ड रोरबाख यांची १९६८ मधली ६-३-५ पद्धत करून बघा. ६ जण, प्रत्येकाने ५ मिनिटांत ३ आयडिया कागदावर लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, असं सहा वेळा. अर्ध्या तासात १०८ आयडिया कागदावर. सगळ्या कामाच्या नसतात हे उघड आहे, पण जे कधीच बोलत नाहीत त्यांच्याही त्यात असतात.

निर्णय कोण घेणार तेच ठरलेलं नसतं

बहुमत की साहेब की सगळ्यांची संमती? हे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा. "आपण फक्त मत देऊन राहिलो, अंतिम निर्णय पर्चेस मॅनेजरांचा." असं सांगितलं तर कोणाला वाईट वाटत नाही, तासभर भांडून झाल्यावर कळलं तर मात्र पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

ज्याचा मुद्दा, तोच फॅसिलिटेटर

स्वतःच्या बजेटवर चर्चा आणि स्वतःच चालवतोय, हे जमत नाही. त्या मुद्द्यापुरती खडू-मार्कर दुसऱ्याकडे द्या. आणि दर वेळी एचआरमधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीलाच हे काम देऊ नका, आळीपाळीने करा, शिकतात सगळे.

खोली, कूलर आणि भाषा

याला लोक किरकोळ समजतात, तसं ते नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीमध्ये दुपारी ३ ची मीटिंग, जेवण झालेलं, खोलीत डेझर्ट कूलर घरघरतोय आणि पुण्याचे लोक स्पीकरवर "आवाज येत नाहीये" म्हणतायत. इथे फॅसिलिटेटर कितीही हुशार असला तरी काय करणार? उन्हाळ्यात सकाळीच घ्या. कूलर असेल तर माइक बोलणाऱ्याजवळ फिरवा. ऑनलाइनवाल्यांना प्रत्येक मुद्द्यावर नाव घेऊन आणि खोलीतल्यांच्या आधी विचारा, नाहीतर ते नुसते ऐकत बसतात.

भाषेचंही तसंच. आपल्याकडे एकाच टेबलावर मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्ही चालतात, पण स्लाइड इंग्लिशमध्ये सुरू झाली की शॉप फ्लोअरचा माणूस गप्प होतो. पहिला प्रश्न मराठीत नाहीतर हिंदीत विचारा, तो बोलतो, आणि नेमकं कामाचं बोलतो.

मीटिंग चालू असताना अडली तर

एक जण थांबतच नाहीये? त्याचा मुद्दा त्याच्यासमोर बोर्डावर लिहा आणि म्हणा, "हे आलं बघा लिहून, बरोबर आहे ना? आता जरा स्टोअरवाल्यांचं ऐकू." माणूस पुन्हा पुन्हा बोलतो कारण आपलं कोणी ऐकलं नाही असं त्याला वाटतं, लिहिलेलं दिसलं की बहुतेक वेळा शांत होतो.

विषय भरकटला? बोर्डाच्या कोपऱ्यात "नंतर बघू" अशी जागा करा आणि तिथे टाका. पण शेवटची पाच मिनिटं तो कोपरा वाचायचाच, कोणाकडे कोणता मुद्दा जाणार ते सांगायचं, नाहीतर दुसऱ्यांदा कोणी तिथे मुद्दा टाकू देणार नाही.

प्रश्न विचारल्यावर सगळे गप्प? थांबा. मनातल्या मनात दहा मोजा. नवे फॅसिलिटेटर इथे घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मग सगळ्यांना तीच सवय लागते.

साहेब अजून वर्धा रोडवर अडकलेत? ठरलेल्या वेळी सुरू करा, साहेबांच्या मतावर अडलेला मुद्दा फक्त मागे ढकला. उशिरा आलेल्यासाठी सगळं परत सांगत बसलात तर वेळेवर आलेले पुढच्या वेळी उशिरा येतात.

आणि शेवटी "टीम बघेल" असं मीटिंगच्या नोंदीत (मिनिट्समध्ये) दिसलं तर ते काम होणार नाही हे समजून जा. एक नाव, एक काम, एक तारीख, हे तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडून "हो" येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो "हो, पण" म्हणाला तर पण च्या पुढे काय आहे ते लगेच विचारा. तारीख बदलावी लागली तर बदला, मग त्या यादीचा फोटो काढा आणि ग्रुपवर त्याच दिवशी टाका.