पीनट नूडल्स: सॉस आळला की तेल नव्हे, पाणी घाला

पीनट नूडल्सची कुठलीही कृती उघडा, मधल्या पायरीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘सॉसचं सगळं साहित्य एकत्र करून छान ढवळून घ्या.’ पदार्थ बिघडतो तो नेमका इथे, आणि लिहिणाऱ्याने इथेच एका ओळीत हात झटकलेले असतात. कोथिंबीर किती बारीक चिरायची, वरून तीळ कसे पेरायचे यावर मात्र परिच्छेदच्या परिच्छेद. मी उलटं करणार आहे. सोप्या गोष्टी भराभर उरकतो आणि सॉसपाशी मुक्काम करतो.

दोन भुकेल्या माणसांसाठी: दीडशे ग्रॅम हक्का नूडल्स, शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पाच मोठे चमचे (साधारण ८० ग्रॅम), सोया सॉस दीड मोठा चमचा, किसलेला गूळ दोन छोटे चमचे, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, एक लिंबू, एक छोटा चमचा लाल तिखट, एक मोठा चमचा तेल. वरून घ्यायला काकडी, पातीचा कांदा, कोथिंबीर. मीठ या यादीत मुद्दाम नाही. सोया सॉस खारट असतो आणि बहुतेक पाकीटबंद नूडल्समध्येही मीठ असतं. शेवटी चव घ्या, लागलं तर घाला.

पेस्ट आधी तयार असेल तर हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत ताटात येतं. ठाणे स्टेशनवर गाडीतून उतरून, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक भोगून आठ-साडेआठला घरी पोचणाऱ्याला ‘झटपट’चा याहून वेगळा अर्थ नको असतो. पण पेस्ट रविवारी करून ठेवायची. दाणे भाजण्यापासून सुरुवात करून झटपट काहीही होत नाही, कृतीत काहीही लिहिलेलं असो.

पेस्ट

पाव किलो दाणे घ्या. त्याहून कमी घेतले तर चटणीच्या भांड्यात पातं नुसतं हवेत फिरतं. मी जांभळी नाक्यावरून सुटे दाणे आणतो आणि पुडी बांधायच्या आधी एक दाणा तोंडात टाकून बघतो. दुकानदार काही म्हणत नाहीत, त्यांना सवय आहे. खवट दाणा भाजून सुधारत नाही, गूळ-लिंबाने झाकला जात नाही, आणि पेस्टमध्ये तर तो आणखी उठून दिसतो. ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातला माल घेताना ही काळजी दुप्पट घ्यावी.

मंद आचेवर भाजा, सालं काढा. साबुदाण्याच्या खिचडीच्या कुटाला थोडी सालं राहिली तर चालतात, इथे नकोत. कडसरपणा येतो आणि सॉसमध्ये लाल ठिपके दिसतात.

दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावा, कारण गरम दाण्याचं तेल लवकर सुटतं. भांडं आणि झाकण ठणठणीत कोरडं हवं. आधी कूट होईल. मग ते कूट भांड्याच्या कडांना चिकटून बसेल आणि वाटेल की झालं, आता याहून पुढे काही होत नाही. बहुतेक लोक इथे थांबतात. थांबू नका. चमच्याने कडा खरवडा, पुन्हा फिरवा, मिक्सरला मिनिटभर विश्रांती द्या, पुन्हा फिरवा. मिक्सर दमून बंद पडलाच तर घाबरू नका, थोडा गार होऊ द्या आणि तळाचं लाल बटण आत दाबा. तीन-चार फेऱ्यांनंतर पेस्ट चकाकायला लागते आणि चमचा तिरका केला की आपणहून ओघळते. तिथे थांबायचं. फारच अडली तर चमचाभर शेंगदाणा तेल घाला. पाणी या टप्प्यावर थेंबभरसुद्धा नको. बरणीत भरून फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते.

विकतचं पीनट बटर चालतं, पण बिनसाखरेचं घ्या. गोड असेल तर कृतीतला गूळ वगळा. आणि नुसत्या कुटावर काम भागेल का? भागेल, सॉस रवाळ लागेल इतकंच.

नूडल्स

पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली आहेत त्यापेक्षा एक मिनिट आधी काढा. मॅगी असेल तर मसाल्याची पुडी बाजूला ठेवा. स्पॅगेटीही चालते. तांदळाच्या नूडल्सच्या वाटेला मी या पदार्थात जात नाही.

आता एक सल्ला, जो सगळीकडे मिळतो आणि इथे साफ चुकीचा आहे: ‘नूडल्स गार पाण्याखाली धुवा आणि तेलाचा हात लावा.’ चायनीजच्या गाडीवर हे करतात ते बरोबरच आहे. त्यांना संध्याकाळी चार वाजता उकडलेल्या नूडल्स रात्री दहापर्यंत मोकळ्या ठेवायच्या असतात आणि नंतर मोठ्या आचेवर परतायच्या असतात. आपल्याला परतायचं नाहीये. आपल्याला सॉस नूडल्सना धरून राहायला हवा आहे. तेल लावलेल्या नूडलवरून सॉस घसरतो आणि ताटाच्या तळाशी जमा होतो. धुतल्यावर वरचा स्टार्चही निघून जातो, आणि सॉस चिकटतो तो त्या स्टार्चमुळे. तेव्हा धुवायचं नाही, तेल लावायचं नाही. नूडल्स एकमेकांना चिकटतील ही भीती असेल तर उपाय एकच: नूडल्स पाण्यात पडायच्या आधी सॉसची पेस्ट, सोया, गूळ, लसूण सगळं ओट्यावर तयार ठेवा, म्हणजे नूडल्सना चाळणीत पडून राहायला वेळच मिळणार नाही.

आणखी एक. नूडल्सचं पाणी फेकायचं नाही, निदान कपभर तरी नाही. दमून आलेला माणूस सवयीने सगळं बेसिनमध्ये ओततो. मी रिकामा कप आधीच चाळणीत ठेवतो. ओतायला गेलं की तो आडवा येतो आणि आठवण होते.

सॉस

एका खोलगट भांड्यात पेस्ट घ्या. त्यात सोया सॉस, गूळ आणि ठेचलेला लसूण घालून ढवळा. आता बघा काय होतं. इतका वेळ सैल, ओघळणारी असलेली पेस्ट क्षणात आळते. चमच्याभोवती गोळा होतो, कडेला तेल सुटल्यासारखं दिसतं, भांड्याचा तळ कोरडा पडतो. पातळ पदार्थ घातला आणि प्रकरण घट्ट झालं! मलाही या गोळ्याने बराच काळ छळलं आहे. एकदा हे चाललेलं असताना शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या. भांड्यात डोकावून म्हणाल्या, “अहो भाऊजी, कोरडं पडलंय ते, तेल घाला की थोडं.” सगळ्यांना हेच सुचतं.

हे का होतं ते कळलं की घाबरायला होत नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. बाकी प्रथिनं, पिष्ट आणि तंतू. पेस्ट सैल दिसते कारण हे सगळे बारीक कण तेलात तरंगत असतात. त्यात थोडंसं पाणी गेलं (सोया सॉस म्हणजे मुख्यतः खारं पाणीच) की कण ते शोषून घेतात, ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. तेल बाहेर ढकललं जातं. म्हणून गोळा. म्हणजे त्रास पाणी घातल्याचा नाही, पाणी कमी घातल्याचा आहे. पुरेसं पाणी मिळालं की कण सुटे होतात आणि तेलच बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात पसरतं. तेलात बुडालेले कण जाऊन पाण्यात मिसळलेलं तेल, असा पालट व्हायला हवा. आपण चमचा हलवत असतो तो या पालटासाठी.

आता कृती. नूडल्सचं राखलेलं पाणी गरम हवं, उकळतं नको. दोन मोठे चमचे घाला आणि काट्याने किंवा ताकाच्या छोट्या रवीने जोर लावून फेटा. गोळा आणखी घट्ट होईल. होऊ द्या. आणखी दोन चमचे. आता तो भांड्याला चिकटेल आणि रंग काळपट, मळकट दिसेल. ही सगळ्यात वाईट अवस्था आहे आणि बहुतेक लोक इथेच हार मानून एक तर तेलाची बाटली उचलतात किंवा भांडं गॅसवर चढवतात. दोन्ही करू नका. पुन्हा दोन चमचे पाणी, पुन्हा फेटा. मग एका क्षणी, हळूहळू नव्हे तर एकदम, सॉस सैल पडतो आणि त्याचा रंग फिकट होतो. तपकिरीचा बदामी. ही खूण लक्षात ठेवा, कारण घट्टपणावरून अंदाज चुकतो, रंगावरून चुकत नाही. रंग उजळला की सॉस जमला. त्यानंतर पाणी बिनधास्त घालून हवा तेवढा पातळ करा. एकूण १२० ते १५० मिलिलिटर पाणी जातं.

किती पातळ? कढीपेक्षा घट्ट आणि पिठल्यापेक्षा बराच सैल. तुम्हाला ‘जरा जास्तच पातळ झाला वाटतं’ असं वाटेल तिथे तो बरोबर असतो. गरम नूडल्स पाच मिनिटांत पाणी पितात आणि सॉस गार होताना पुन्हा आळतो. भांड्यातच जाड वाटणारा सॉस ताटात पोचेपर्यंत लगदा झालेला असतो.

तेल का नाही? कारण पेस्टमध्ये तेल मुळातच भरपूर आहे. वरून घातलेल्या तेलाने गोळा तात्पुरता सैल होतो, पण नूडल्समध्ये मिसळला की सगळं तेल वेगळं होऊन ओठांना लागतं.

गॅस का नाही, हे उपासाची दाण्याची आमटी केलेल्यांना पटकन कळेल. आमटी उकळली की वर तेल येतं आणि त्या तवंगावर आपण खूश असतो. इथे तवंग म्हणजे बिघाड. उकळल्याने पाणी उडून जातं, प्रथिनं आकसतात, जमलेला सॉस फाटतो आणि तळाला लागतो तो वेगळाच. या सॉसला आच नकोच. नूडल्स गरम असतात, पाणी गरम असतं, तेवढी ऊब पुरते.

तरीही फाटलाच, कडेला तेल दिसलं, तर भांडं गॅसवरून लांब न्या, चमचाभर गरम पाणी घाला आणि जोरात फेटा. दहापैकी नऊ वेळा परत येतो. उलट फार पातळ झाला तर पेस्टच घाला. कॉर्नफ्लोअर घालायचा सल्ला देणाऱ्यांनी तो मंचाव सूपसाठी राखून ठेवावा.

लिंबू सगळ्यात शेवटी, सॉस जमल्यावर. आधी पिळलं तर तेही त्या गोळ्याच्या भानगडीत अडकतं आणि आंबटपणाचा अंदाज येत नाही. लिंबाऐवजी चिंचेचा कोळ घेतला तरी चालतो. इंडोनेशियातल्या गाडो-गाडोसारख्या पदार्थांच्या शेंगदाणा सॉसमध्ये चिंचच असते, शिवाय आपल्या तोंडाला चिंच-गुळाची सवय आहे. व्हिनेगर मला आवडत नाही.

पुढचं सोपं आहे

नूडल्स चिमट्याने थेट सॉसच्या भांड्यात टाका आणि वर-खाली करा. चाळणीतलं चमचा-दोन चमचे पाणी सोबत आलं तर येऊ द्या.

छोट्या कढल्यात तेल तापवा, गॅस बंद करा, दहा सेकंद थांबा आणि मग तिखट घाला. थांबला नाहीत तर तिखट करपेल. ब्याडगीचं तिखट रंगाला छान. हे लाल तेल वरून ओता. गरम मसाला, चाट मसाला, टोमॅटो केचप यांपैकी काहीही नको. मुलांना केचप हवंच असेल तर त्यांच्या ताटात द्या, माझ्या भांड्यात नको.

काकडीची लांब सळई करून वर ठेवा, आत मिसळू नका. काकडी आणि दाण्याचं जमतं हे खमंग काकडी खाणाऱ्यांना सांगायला नकोच. पण खमंग काकडीला जसं बसल्या बसल्या पाणी सुटतं तसं इथेही सुटतं आणि कष्टाने जमवलेला सॉस पांचट होतो. पातीचा कांदा, कोथिंबीर, भाजलेले तीळ, जे असेल ते. पनीर किंवा उकडलेलं अंडं घातलं की पोटभरीचं होतं.

लगेच खा. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात न्यायच्या असतील तर नूडल्स आणि सॉस वेगवेगळे न्या. त्या वेळी मात्र नूडल्स गार पाण्याने धुतल्या तरी माझी हरकत नाही, कारण त्या रात्रभर राहणार आहेत. ऑफिसात सॉसमध्ये चमचा-दोन चमचे गरम पाणी घालून ढवळायचं, मग मिसळायचं. मिसळलेल्या नूडल्स मायक्रोवेव्हमध्ये तशाच कोरड्या ठेवल्या तर तेल सुटतं. आधी पाण्याचा हबका मारा, तीस सेकंद गरम करा, ढवळा, पुन्हा तीस सेकंद. आणि डबा सगळ्यांमध्ये फिरणार असेल तर उघडतानाच सांगा की यात दाणे आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला बदामी सॉस बघून ते ओळखता येईलच असं नाही.