घरात गाणं नीट ऐकायचंय? मग तबकडी की डिजिटल हे भांडण जरा लांब ठेवा

कोल्हापुरात साउंड म्हटलं की माणसाला पहिला आठवतो तो डॉल्बी, म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. गंमत बघा, रे डॉल्बी नावाच्या माणसानं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला, आणि आपण त्याचं नाव दिलं खिडकीच्या काचा हलवणाऱ्या प्रकाराला. असो. हा लेख घरातल्या ऐकण्याबद्दल आहे, कारण महिन्यातनं दोनचार जण तरी विचारतात की टर्नटेबल (तबकडी वाजवायचं यंत्र) घेऊ का चांगला डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करून देणारी डबी) घेऊ, ॲनालॉग म्हणजे तबकडी भारी का डिजिटल भारी, आणि मी म्हणतो आधी दोन्ही घेऊ नका, घरी जाऊन टाळी वाजवा.

आधी टाळी

खरंच. जिथं ऐकायला बसणार त्या खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि एक कडक टाळी मारायची. टाळीमागं "टर्रर्र" अशी चिरकी शेपटी आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडं टोलवतायत, आणि तिथं तुम्ही लाखाचा डॅक आणला तरी तो त्या भिंतींतनंच ऐकू येणार. नव्या फ्लॅटात हे हमखास असतं, गुळगुळीत फरशी, प्लास्टर मारलेल्या भिंती, सरकत्या काचा. आमची मंगळवार पेठेतली जुनी खोली मात्र लाकडी तुळया, कोनाडे, फडताळ, कोपऱ्यात गाद्यांची चळत अशी असल्यामुळं काही न करता बरी लागते. फ्लॅटवाल्यांनी जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडं टाकायचं, जाड पडदा लावायचा, आणि पुस्तकांचं भरलेलं कपाट पाठीमागच्या भिंतीला न्यायचं. बाजूच्या भिंतीसाठी आरशाची युक्ती आहे. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, घरातल्या कुणालातरी भिंतीवरनं आरसा सरकवत न्यायला सांगा, आरशात जिथं स्पीकर दिसेल तिथं गोधडी टांगून बघा. बायको हसेल, हसू दे.

मग स्पीकर

माझा हिशोब सरळ आहे, जेवढे पैसे ठेवलेत त्यातले निम्मे स्पीकरवर, कारण आवाजात सगळ्यात मोठा फरक तिथं पडतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे, वरचा छोटा भोंगा म्हणजे ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि पेटी भिंतीपासनं निदान हातभर पुढं. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर खर्ज फुगवतो, दुकानात ते "बास लई भारी" वाटतं आणि घरी आठवड्यात डोकं दुखतं. हातभर पुढं ओढला, मग वीत मागं, मग परत पुढं, असं करत एक रविवार घालवा. तपासायला डग्गा ऐका, तळव्यानं दाबून काढलेली मींड स्वच्छ ऐकू आली पाहिजे, नुसतं "भुम्म" आलं तर अजून सरकवायला जागा आहे. आणि तानपुरा ऐका, जवारीचा तो झंकार बारीक कणाकणानं सुटला पाहिजे, पत्र्यासारखा नाही.

अँपबद्दल (ॲम्प्लिफायरबद्दल) थोडक्यात

खोक्यावरचा पीएमपीओ वॉटचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा वाचायचासुद्धा नाही, तो कागदावरच वाजतो. आरएमएस बघा, म्हणजे सतत देता येणारी ताकद. साधारण घरगुती स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल देतो, म्हणजे रोजच्या ऐकण्याला तुम्ही एकदोन वॉटच वापरताय. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळं ५० वॉटचा घेऊ का ६० वॉटचा यावर भांडण्यात काही अर्थ नाही, फरक १ डेसिबलपण नाही.

टर्नटेबल घेणार असाल तर

इथं जरा सावकाश, कारण चुका इथंच होतात आणि मी बहुतेक सगळ्या केल्यात. पहिलं सेकंडहँड टर्नटेबल आणलं तेव्हा सरळ अँपच्या ऑक्सला, म्हणजे साध्या तोंडाला जोडलं आणि आवाज आला डासाएवढा, खर्जाचा पत्ताच नाही. मी दोन दिवस विकणाऱ्याला मनातनं शिव्या घातल्या. चूक माझी होती. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधनं (सुई बसवलेल्या छोट्या डबीतनं) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे चारपाचशे पट फरक. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात, नाहीतर खोबण, म्हणजे सुई फिरते ती चर, एवढी रुंद होईल की एका बाजूवर गाणी मावणार नाहीत. ते उलटं करून मूळ जागी आणायचं काम फोनो स्टेज करतो. अँपवर "फोनो" लिहिलेलं तोंड असेल तर ठीक, नाहीतर वेगळी डबी घ्यावी लागते, ते पैसे आधीच बाजूला ठेवा. जुन्या सूटकेससारख्या प्लेअरमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याला फोनो लागत नाही पण ते तबकडीवर जड बसतं, चांगल्या एलपी (३३⅓ वेगाच्या मोठ्या तबकड्या) त्यावर लावू नका.

जोडलं की पुढचं काम समपातळीचं, गवंड्याकडची बुडबुड्याची लेव्हल प्लॅटरवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर) ठेवून बघा. मग टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचं वजन. छोटा डिजिटल काटा घ्या आणि कार्ट्रिजबरोबर दिलेल्या आकड्यावर आणा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला उदाहरणार्थ २ ग्रॅम. कमी ठेवलं तर तबकडी जपली जाते हा गैरसमज आहे, हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. मग अँटीस्केट, म्हणजे दांडीची आत ओढ तोलणारा खटका, साधारण त्याच आकड्यावर. घरघर येत असेल तर टर्नटेबलची ती बारीक अर्थची वायर अँपच्या स्क्रूला लावली का बघा, आणि घरातल्या अर्थिंगचीच बोंब असेल तर वायरमनला बोलवा.

अमेरिकेतनं पाहुण्यांनी आणलेलं टर्नटेबल असेल तर अजून एक खोडा. नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, जुन्या एसी मोटरवाल्यांचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, तिकडं ६० हर्ट्झ आणि आपल्याकडं ५०, त्यामुळं मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २८ च्या आसपास फिरते आणि गाणारी बाई बाप्या होते.

आजोबांच्या ट्रंकेत ७८ च्या लाखेच्या तबकड्या निघाल्या तर त्यांना सुई वेगळी लागते, खोबण एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद असते. आणि त्या स्पिरिटनं कधी पुसायच्या नाहीत, लाख स्पिरिटात विरघळते, तबकडीच जाते. आपल्याकडं अशा ट्रंका बऱ्याच असतील, शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते ते हेच गाव. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातनं अंतराळात गेली, आणि तीसुद्धा तबकडीवरच, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, वेग १६⅔. त्या तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजपण पाठवलंय, म्हणजे नासाला माहीत होतं की पुढच्याकडं ते नसणार.

डिजिटलवाल्यांसाठी

सीडी आली १९८२ मध्ये, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप, प्रत्येक १६ बिटांच्या आकड्यात, त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं आणि तरुण कानाला फार तर २० पर्यंत ऐकू येतं, चाळिशी ओलांडलेल्यांनी तर तो विषयच काढू नये. "डिजिटल म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज" हे चित्र सगळीकडं फिरतं, ते चूक आहे, डॅकमधनं बाहेर येते ती गुळगुळीत लाटच. शांत आणि मोठा आवाज यातलं अंतर सीडीत ९६ डेसिबलच्या घरात, एलपीत चांगल्या दिवशी ७०. शिवाय एलपीत सुई आत आत सरकेल तसा खोबणीचा वेग सेकंदाला ५१ सेंटीमीटरवरनं २१ वर येतो, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं जरा फाटतं.

मग बऱ्याच सीडी वाईट का लागतात? कारण नव्वदीनंतर त्या दाबून दाबून मोठ्या आवाजात भरल्या, सगळं एकाच पातळीवर, श्वास घ्यायला जागा नाही. दोष भरणाऱ्यांचा आहे. फ्लॅक फाइल (काही न गाळता साठवलेलं गाणं) आणि साधा चांगला डॅक एवढं पुरतं, ब्लूटूथ मात्र मन लावून ऐकताना टाळा, तार लावा.

आता घरीच परीक्षा

माझा एक मित्र तबला शिकवतो, चाळीस वर्षं एलपी ऐकतोय, म्हणायचा डिजिटल मला अर्ध्या मिनिटात ओळखू येतं. म्हटलं बस. ही परीक्षा तुम्हालाही करता येते. एलपी आणि सीडी समोरासमोर लावायच्या नाहीत, कारण दोन्हींचं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीची शेवटची घडण, वेगळं असतं. त्यापेक्षा एलपीचाच आवाज दोन वाटांनी न्यायचा. फोनो स्टेजच्या पुढं वाय वायर (एकाचे दोन फाटे करणारी) लावायची, एक वाट सरळ अँपच्या पहिल्या तोंडात, दुसरी यूएसबी इंटरफेसमधनं (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या डबीतनं) कॉम्प्युटरात, १६ बिट ४४.१ करून, परत बाहेर काढून अँपच्या दुसऱ्या तोंडात.

आवाज दोन्हीकडं तंतोतंत सारखा हवा, कारण जरासा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी "चांगला" वाटतो. फोनवरनं ४०० हर्ट्झचा सूर त्या वाय वायरीत सोडा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसी व्होल्टवर धरा, दोन्ही वाटांचा आकडा एका टक्क्याच्या आत जुळवा. डिजिटल वाट किंचित उशिरा येते, म्हणून बदलताना तिसऱ्या माणसानं तीन सेकंद आवाज बंद करायचा, नाहीतर उडीवरनंच ओळखू येतं. तिसऱ्यानं नाणं उडवून ठरवायचं कुठली वाट, ऐकणाऱ्यानं कागदावर लिहायचं, १६ वेळा. १६ पैकी १२ बरोबर आले तर मानू काहीतरी ऐकू येतंय, नऊदहा तर नुसत्या अंदाजानंपण येतात.

मित्राचे ९ आले. माझे ७. अमेरिकेत २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी असलीच सीडीच्या दर्जाची वाट मध्ये घालून परीक्षा छापली होती, ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे आमच्यासारखंच छापा-काटा. मित्र तासभर गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे माझी एलपीची ऊब डिजिटलमधनं पण आली की." अगदी तेच. ती ऊब त्या तबकडीच्या मास्टरिंगची, कार्ट्रिजची, थोडी त्या खरखरीचीसुद्धा, आणि डिजिटल ती जशीच्या तशी वाहून नेतं.

म्हणून निवड अशी करा. घरात तबकड्या असतील, किंवा तुमची आवडती जुनी नाट्यगीतं दुसरीकडं मिळतच नसतील, तर टर्नटेबल घ्या. गाणी फोनवर असतील तर डॅक घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरात घाला.

पावसाळा

हे कुणी सांगत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना घाम सुटतो, तबकडीवर पांढरी बुरशी धरते. एलपी उभ्या ठेवायच्या, आडव्या चळतीत वाकतात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि रंग बदलला की बदलायच्या. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडं मिळतं, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब, मऊ कापड खोबणीच्या दिशेनं, मधल्या लेबलला पाणी लावायचं नाही, शेवटी एकदा नुसत्या पाण्यानं. आणि पंचगंगेच्या पट्ट्यात तळमजल्याला राहत असाल तर खालचा कप्पा कायम रिकामा. २०१९ च्या पुरात एका ओळखीच्यांच्या तबकड्या धुऊन वाचल्या, कव्हरं आणि मधली लेबलं सगळी लगदा झाली, आता ते प्रत्येक तबकडी लावून बघतात कुठली आहे ते.