आजाराचं नाव कळेपर्यंत धाप कशी सांभाळावी

एक्स-रेमध्ये फारसं काही नाही, ईसीजी बरा आहे, तरी दोन जिने चढले की धाप लागते. डॉक्टर म्हणतात, आधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं तपासायची चाचणी) करू, मग वाटलं तर एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). या ‘करू’ आणि ‘पाहू’मध्ये आठवडे जातात, कधी महिने. फुप्फुसं कडक होत जाण्याच्या आजारांत तर आणखी वेळ लागतो, कारण तिथे एका रिपोर्टवर निदान होत नाही. छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडली तर पॅथॉलॉजिस्ट यांना एकत्र बसून ठरवावं लागतं.

या काळात कामं दोनच. धाप आजपासून आटोक्यात आणायची. त्यासाठी आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. आणि ती आटोक्यात आणताना निदानाचा पुरावा पुसला जाणार नाही हे बघायचं. दुसऱ्या कामाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

थांबायचं नाही अशी धाप

अचानक धाप लागली आणि सोबत छातीत दुखतंय. एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे आणि दम लागलाय. एक वाक्य सलग बोलता येत नाही. ओठ किंवा नखं निळसर झाली आहेत. माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतोय. खोकल्यातून रक्त पडतंय. बसल्या जागी ऑक्सिमीटरवर (बोटाला लावायचं यंत्र) ऑक्सिजन ९० च्या खाली आहे. यातलं एकही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ इमर्जन्सी गाठा. रात्री आडवं झाल्यावर दम कोंडतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, पाय सुजतात, अशी तक्रार हृदयाकडे बोट दाखवते. त्यासाठी इको लवकर करून मागा.

धाप लागल्यावर पहिली पाच मिनिटं

धाप लागली की माणूस हवा आत ओढायला बघतो. खांदे वर जातात, मान ताठ होते, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) असेल तर खरी अडचण हवा बाहेर जाण्याची असते. आधीची हवा पूर्ण निघाली नाही की पुढच्या श्वासाला जागा उरत नाही आणि ओढाताण वाढतच जाते. म्हणून लक्ष ‘सोडण्या’वर ठेवायचं.

आधी शरीराला टेका द्या. खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकवा, पुढे झुकून कोपरं मांड्यांवर ठेवा. टेबल असेल तर त्यावर दोन उशा ठेवून त्यांवर हात आणि डोकं टेका. बाहेर असाल तर कठड्यावर हात टेकून पुढे झुका, किंवा भिंतीला पाठ टेकून पाय भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. हात टेकले की खांद्यांचे आणि छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. पलंगावर सपाट निजवणं, पाणी पाजणं, भोवती घोळका करणं हे घरच्यांनी टाळावं. आणि ‘काय होतंय?’ असं सारखं विचारूही नये. उत्तर द्यायलासुद्धा श्वास लागतो.

मग नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात दोन मोजेपर्यंत. ओठांचा चंबू करून, दिव्याची ज्योत हलावी पण विझू नये इतक्या हलक्या फुंकरीने, चार मोजेपर्यंत सोडा. जोर लावून फुंकू नका. जोराने फुंकलं की बारीक श्वासनलिका दबतात आणि हवा आतच अडकते. चारपर्यंत जमत नसेल तर तीन मोजा, तेही नको वाटलं तर मोजूच नका. फुप्फुसं कडक झाली असतील तर श्वास मुळातच उथळ आणि भरभर होतो. तिथे लांबण लावण्याचा हट्ट त्रास वाढवतो. निदान झालेलं नसताना नियम सोपा आहे: दोन-तीन मिनिटांत बरं वाटलं तर चालू ठेवा, गुदमरल्यासारखं झालं तर सोडून द्या आणि फक्त टेकून बसा.

तिसरी गोष्ट पंखा. हातात धरायचा, सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा छोटा पंखा घ्या. चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर धरून नाकाच्या बाजू, वरचा ओठ आणि गाल यांवर वारा येऊ द्या. चेहऱ्यावरच्या नसांना गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. याचा अभ्यास झालेला आहे, हे मन रमवण्याचं साधन नव्हे. छताचा पंखा हे काम तितकं करत नाही, कारण तो वारा डोक्यावर येतो. पंखा नसेल तर ओला गार नॅपकिन तोंडावर फिरवा. यातून ऑक्सिजन वाढत नाही, म्हणून आकडा कमी असताना पंख्यावर विसंबू नका.

कागदी पिशवीत श्वास घेणं पूर्ण बंद. आजार फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असेल तर त्याने ऑक्सिजन आणखी घसरतो. निदान होईपर्यंत कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरायचे प्रकारही नकोत.

रोजची कामं

अंघोळ हे सगळ्यात दमवणारं काम. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून करा, पाणी कोमट, दार किंचित उघडं म्हणजे वाफ कोंडणार नाही. डोकं धुताना दोन्ही हात एकदम वर नेऊ नका. नंतर अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा टॉवेल पांघरून पाच मिनिटं बसा. वाकून चप्पल-बूट घालणं, परकराची किंवा पायजम्याची नाडी आवळणं, उकिडवं बसणं यांत पोट दबतं आणि श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) खाली सरकायला जागा उरत नाही. म्हणून बूट बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून घाला. नाडीऐवजी सैल इलॅस्टिक वापरा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते.

जिना चढताना श्वास उभं राहून घ्यायचा आणि फुंकर सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या. धाप लागल्यावर थांबण्याऐवजी पाच-सहा पायऱ्यांनी, ती लागायच्या आधीच थांबा. एका दमात वर जाऊन दहा मिनिटं कोसळणारा माणूस शेवटी थांबत-थांबत चढणाऱ्याच्या मागेच राहतो.

स्वयंपाकघरात फोडणीच्या आधी खिडकी उघडा किंवा चिमणी लावा. चुलीवर स्वयंपाक असेल तर पेशंटने त्या खोलीत बसू नये. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल घरात नको.

आणि चालणं सोडू नका. धापेच्या भीतीने महिना-दोन महिने बसून काढले की पायांचे स्नायू उतरतात. मग तेवढ्याच चालण्याला जास्त श्वास लागतो आणि आजार वाढल्याचा भास होतो. शून्य (धाप नाही) ते दहा (असह्य धाप) अशा मापात धाप तीन-चारपर्यंत जाईल, बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा वेगाने पाच मिनिटं चाला, बसा, पुन्हा चाला.

ऑक्सिमीटरचा आकडा

पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. लावल्याबरोबर दिसणारा आकडा धरू नये. निरोगी फुप्फुसांत तो ९५ ते १०० असतो. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात, म्हणून एका आकड्यापेक्षा तो कुठल्या बाजूला सरकतोय ते बघा.

धाप आणि ऑक्सिजन यांचा मेळ बसतोच असं नाही. ९८ असूनही भयंकर दम लागू शकतो. अशा वेळी घरी सिलिंडर आणून काही साधत नाही. सीओपीडीच्या काही पेशंटना तर बेहिशेबी ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. उलट, फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात बसून ९६ आणि चालल्यावर ८६ असंही होतं. म्हणून बसून आकडा ९४ किंवा वर असेल तर घरात कुणी सोबत असताना मिनिटभर खुर्चीतून उठा-बसा करा आणि लगेच बघा. चार किंवा जास्त अंकांनी घसरला तर ते लिहून डॉक्टरांना कळवा. ही नोंद कधीकधी पुढची तपासणी लवकर घडवून आणते.

पुरावा पुसू नका

दम लागतोय म्हणून कुणीतरी ‘थोडे दिवस घेऊन बघा’ म्हणत स्टिरॉइडच्या गोळ्या देतं. चार दिवसांत बरं वाटतं, कारण स्टिरॉइडने बऱ्याच गोष्टींत बरं वाटतं. मग सीटीवरचे डाग विरतात, बायोप्सीत नेमकं काही सापडत नाही, आणि आत टीबी असेल तर तो मोकाट सुटतो. खोकल्यासाठी सहज लिहून दिल्या जाणाऱ्या लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सचंही तसंच. ती टीबीच्या जंतूंवर अर्धवट चालतात, त्यामुळे तपासणी फसते आणि निदान लांबतं. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी. सरकारी केंद्रात ती मोफत होते. सकाळी उठल्यावर, खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून आलेला कफ द्या. लाळ दिली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि सगळे निर्धास्त होतात. तपासणीआधी औषध चालू झालंच असेल तर लपवू नका, नाव आणि तारीख सांगा.

स्पायरोमेट्रीला जायच्या आधी दोन तास भरपेट जेवण नको, तासभर धूम्रपान नको, कपडे सैल. पंप (इन्हेलर) चालू असेल तर तो किती तास बंद ठेवायचा हे डॉक्टरांना विचारा: साल्ब्युटामॉल साधारण चार ते सहा तास, दिवसातून दोनदा घ्यायचा, बराच वेळ परिणाम टिकणारा पंप एक दिवस. मध्येच दम लागला तर पंप घ्या आणि तंत्रज्ञाला सांगा. फुंकताना छाती पूर्ण भरून घ्यायची, ओठ नळीभोवती घट्ट, मग एकदम जोरात, आणि हवा संपली असं वाटलं तरी किमान सहा सेकंद सोडत राहायचं. लोक दोन सेकंदांत थांबतात आणि फुप्फुसं आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. तीन चांगल्या फुंकरी, मग पंप, पंधरा मिनिटांनी पुन्हा तीन. पंपानंतरची फेरी वगळू देऊ नका; दमा तिथेच उघडा पडतो. आणि दमा रोज सारखा नसतो, चांगल्या दिवशी ही चाचणी नॉर्मल येऊ शकते. म्हणून पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजणारं छोटं यंत्र) आणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंका आणि प्रत्येक वेळचा सगळ्यात मोठा आकडा लिहा.

एचआरसीटी करताना हलल्यास प्रतिमा धूसर येते. म्हणून दहा-पंधरा सेकंद श्वास धरायला जमणार नसेल तर आधीच सांगा. पालथं झोपवून काढलेल्या प्रतिमा हव्यात का, हेही विचारून घ्या: उताणं झोपल्यावर मागच्या बाजूला वजनाने येणारी धूसरता पालथं झाल्यावर जाते, खरा डाग राहतो. फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या.

डॉक्टरांसमोर ठेवायचं एक पान

धाप ‘फार’ लागते असं लिहून उपयोग नाही. सपाट रस्त्यावर घाईने चालताना लागते, की बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडता, की शंभर मीटरवर थांबावं लागतं, की कपडे बदलतानाच लागते, हे लिहा. रात्री उठवते का, कुठल्या ऋतूत वाढते, सुट्टीत गावी गेल्यावर कमी होते का तेही लिहा.

त्याखाली फुप्फुसांना बाधू शकणाऱ्या सवयी आणि कामं. खिडकीत किंवा डक्टमध्ये कबुतरं आहेत का, त्यांना दाणे घालता का; भिंतीला ओल, कूलरमध्ये बुरशी; दगडखाण, सूतगिरणी, पोल्ट्री, साखर कारखान्यातला जुना बुरसटलेला बगॅस (उसाचा चोथा); वीस वर्षांपूर्वी सोडलेलं कामसुद्धा. आधी कधी टीबी झाला होता का. मग औषधं, विशेषतः लघवीच्या संसर्गासाठी महिनोन्‌महिने घेतलेलं नायट्रोफ्युरॅन्टॉइन, हृदयाचं अमिओडॅरोन, सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेट. ही तिन्ही फुप्फुसांना इजा करू शकतात. मनाने बंद मात्र करू नका. शेवटी हिमोग्लोबिनचा ताजा आकडा. तो सात-आठ असेल तर धापेचा मोठा वाटा तिथेच असू शकतो आणि त्यावर उपचार फुप्फुसाच्या निदानाची वाट न बघता सुरू होतो.