प्लंबरचा नंबर तुमच्याकडे आहे. तुमचा त्याच्याकडे आहे का?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये गिझरचा कनेक्शन पाइप फुटला. खालचा अँगल कॉक गंजून जाम, पाणी पार हॉलपर्यंत. मोबाइलमध्ये ‘प्लंबर’, ‘प्लंबर २’, ‘प्लंबर नवीन’, ‘प्लंबर सिडको’ असे सात नंबर निघाले. एकानेही फोन उचलला नाही. शेवटी वरच्या काकूंनी त्यांच्या प्लंबरला लावला आणि दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. गच्चीवरचा कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते फोनवरच सांगितलं आणि अर्ध्या तासात आला. जाताना म्हणाला, “साहेब, रात्री अनोळखी नंबर मी घेतच नाही. काकूंचं नाव दिसलं म्हणून घेतला.”

माझी चूक त्या एका वाक्यात होती. नंबर जमवण्यालाच मी ओळख समजत होतो.

चूक पहिली: पहिलं काम संकटातच देणं

माणूस पारखायचा तर गळक्या नळाचा वॉशर बदलण्यासारखं किरकोळ काम आधी द्या. सांगितलेल्या वेळी येतो का, येणार नसेल तर कळवतो का, जुना सुटा भाग दाखवतो का, केलेली घाण आवरतो का, हे दीडदोनशे रुपयांत कळतं. काम झालं की त्याच्यासमोरच तुमचं नाव, सोसायटी आणि मजला लिहून मेसेज टाका आणि नंबर सेव्ह करायला सांगा. पैसे त्याच दिवशी द्या. पन्नास रुपयांसाठी घासाघीस करून वर “पुढच्या आठवड्यात देतो” म्हणणाऱ्याचा नंबरही लोक सेव्ह करतात, पण तो न उचलण्यासाठी!

चूक दुसरी: एकावरच भिस्त

आपला हक्काचा इलेक्ट्रिशियन चैत्रात पायी वणीला निघालेला असतो, नाहीतर दिवाळीत गावी. म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसं हवीत, आणि नाशिकमध्ये तर गोदावरीच्या दोन्ही काठांवर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पूर चढला, की रामकुंडाजवळचे खालचे पूल बंद होतात, सगळी वाहनं वरच्या पुलांवर येतात आणि द्वारका चौकात काय होतं ते सांगायला नको. पंचवटीतला कारागीर कितीही जीव लावणारा असो, त्या दिवशी तो इकडे पोचत नाही. २०२७ च्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशीही रस्ते बंद राहणार, तेव्हा चालत येऊ शकेल असा एकजण शोधून ठेवा.

चूक तिसरी: चुकीच्या दारात जाणं

लाइट गेली की आधी शेजाऱ्याकडे आहे का बघा. सगळीकडेच नसेल तर महावितरणचा १९१२. फक्त तुमचीच गेली असेल तर एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडलाय का पाहा. पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो दाबत बसू नका, तुमच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. सिलिंडरचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही आणि घराबाहेर येऊन १९०६. पाइप गॅसवाल्यांनी बिलावरचा आपत्कालीन नंबर आजच उतरवून घ्यावा. ऐनवेळी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले भामटे असतात. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीचा १९३०.

डॉक्टर आणि विमा

इथे मात्र थोडं थांबतो, कारण पाण्याने फरशीच भिजते, इथे जिवाशी गाठ असते. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरची वाट पाहायची नाही, थेट १०८. फॅमिली डॉक्टर लागतो तो त्याच्या आधी आणि नंतर. मुंबई नाक्याच्या आसपास हॉस्पिटलांची रांग आहे, पण आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुठे न्यायचं, हे सांगणारा माणूस त्या रांगेत सापडत नाही. बरं वाटत असताना वर्षातून दोनदा बीपी तपासायला जा, फाइल तयार होते.

विम्याच्या बाबतीत एजंटच्या नंबरवर विसंबू नका. कार्डावरचा हेल्पलाइन नंबर आणि पॉलिसी क्रमांक वेगळा लिहा. जवळची कोणती दोन हॉस्पिटलं कॅशलेसमध्ये (म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरते) आहेत ते दर नूतनीकरणाला तपासा, कारण यादी बदलते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. काउंटरवर हे माहीत असलेलं बरं.

“वकील कशाला हवा?”

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणून आपण वकिलाच्या ऑफिसचीही चढत नाही. फ्लॅट भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतोच आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो एकदा वकिलाकडून करून घ्या, ओळख आपोआप होते. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

यादी आहे, तरी अडतंय?

बहुतेक वेळा ती एकाच्याच मोबाइलमध्ये, लॉकमागे असते. आमची आता मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवलेली आहे, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात. फोन लागत नसेल तर नुसते मिस्ड कॉल देऊ नका. बिघाडाचा फोटो, पत्ता आणि जवळची खूण एकाच मेसेजमध्ये पाठवा.

दसऱ्याला कारागीर हत्यारांची पूजा करतात. त्या दिवशी मी यादीतल्या सगळ्यांना शुभेच्छांचा फोन करतो. गेल्या वेळी अकरापैकी तीन नंबर बंद निघाले. दोघांच्या जागी दुसरे मिळाले. वॉटरप्रूफिंगवाल्याची जागा अजून रिकामी आहे आणि गच्चीचा तो कोपरा यंदाही झिरपतोय.