तारांगणात शाळेची मुलं आली की

दिवे एकदम मालवू नका, पहिली-दुसरीची पोरं घाबरून बाईंचा हात शोधतात. आधी सूर्य मावळताना दाखवा, मग हळूहळू अंधार करा.

मी हिवाळ्यात नेहमी मृगापासून सुरुवात करते. मधल्या तीन ताऱ्यांच्या बाणावर पॉइंटर थांबवायचा आणि विचारायचं, "ही रेघ डावीकडे खाली न्या, कोण सापडतो?" व्याध सापडला की सगळा घुमट ओरडतो. ओरडू द्या!

ध्रुव मुंबईत क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो. हात ताठ धरून मुठीवर मूठ ठेवायला लावा. एक मूठ साधारण 10 अंश.

राशिभविष्याचा प्रश्न हमखास येतो. टाळू नका, नीट उत्तर द्या.

शेवटी आज रात्री गच्चीवरून काय दिसेल ते सांगा. शुक्र किंवा गुरू असेल तर आधी तोच, शहराच्या उजेडातही दिसतो.