कपाटातली हिरवळ आणि विजेची जोडणी: या चुका टाळा

‘एमसीबी पडत नाही ना, मग वायरिंग ठीक आहे.’ घरातल्या कपाटात ग्रो लाइट लावून मायक्रोग्रीन, लेट्यूस किंवा मिरचीची रोपं वाढवणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, वायरची राखण करते, तुमची नाही. १० अँपिअरची एमसीबी पडते ती लोड मर्यादेच्या बराच वर गेला किंवा शॉर्ट झालं तर. माणसाच्या छातीतून ५० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि हा करंट त्या १० अँपिअरचा दोनशेवा हिस्सा आहे. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. अनेक वायरमन तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, तर ती सेकंदाच्या अंशात लाइन तोडते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची हवी. १०० किंवा ३०० ची बसवलेली असेल तर आगीपासून थोडाफार बचाव होईल, माणसाचा नाही.

वॉट मोजता, जोड बघत नाही

चार फुटी एलईडी पट्टी साधारण २० वॉटची. अशा आठ पट्ट्या, ४० वॉटचा एक्झॉस्ट फॅन, १८ वॉटचा पाण्याचा पंप आणि ५ वॉटचा हवेचा पंप धरला तरी बेरीज २२३ वॉट होते. २३० व्होल्टला हा एक अँपिअरही नाही, आणि ६ अँपिअरचा साधा सॉकेट १३८० वॉट देतो. म्हणजे नुसत्या दिव्यांनी ओव्हरलोड होत नाही. गडबड होते ती नाशिकच्या थंडीत कुणी त्याच एक्स्टेन्शन बोर्डाला २००० वॉटचा हीटर लावतं तेव्हा. एकट्या हीटरलाच पावणेनऊ अँपिअर लागतात. हीटर हवाच असेल तर त्याला २.५ चौरस मिलिमीटर वायरचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट द्या. एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवूच नका.

लोड कमी असला तरी ढिला जोड घात करतो. सॉकेटमधली पात सैल झाली किंवा मागचा स्क्रू ढिला राहिला, की तिथे ठिणग्या उडतात आणि जागा तापते. आपले दिवे रोज चौदा-सोळा तास चालतात, त्यामुळे त्या जागेला थंड व्हायला उसंत मिळत नाही. हा दोष एमसीबीलाही दिसत नाही आणि आरसीसीबीलाही, कारण करंट तेवढाच जातो आणि तेवढाच परत येतो. तो ओळखायचा आपणच. पिनच्या भोकाभोवती तपकिरी डाग, बारीक चरचर आणि जळक्या प्लॅस्टिकचा, कधी कधी चक्क मासळीसारखा वास, या त्याच्या खुणा. दिवे तीन-चार तास चालू राहिल्यावर प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट लागला तर सॉकेट बदला. कागदाची घडी खुपसून प्लग घट्ट बसवण्याचा उद्योग करू नका. कुठलीही पिन बसणारे ‘युनिव्हर्सल’ भोकांचे स्वस्त बोर्ड याच कारणाने नकोत. त्यांच्यात कुठलीच पिन धड बसत नाही. बोर्डाला बोर्ड जोडणं आणि उरलेल्या वायरचं भेंडोळं कपाटात कोंबणं, हेही टाळा.

पाणी

विदर्भात उन्हाळा आला की महावितरण कूलरबाबत सावधगिरीचं आवाहन करतं: पाणी भरण्याआधी प्लग काढा, ओल्या हाताने हात लावू नका. पाण्यात बुडालेला पंप, भोवती लोखंडी बॉडी आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असा तो घाट. हायड्रोपोनिकची, म्हणजे मातीविना पाण्यावर रोपं वाढवण्याची टाकी आणि लोखंडी रॅक म्हणजे हाच प्रकार, फक्त बारा महिने चालणारा. पुष्कळ जण तर पंपही कूलरचाच वापरतात. त्याच्या वायरीजवळचं सील तडकलं की पाणी आत शिरतं, पंप चालूच राहतो आणि टाकीतलं पाणी ‘जिवंत’ होतं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं कैकदा सापडतं.

बोर्ड कपाटाच्या तळाशी नको आणि ट्रेच्या खाली तर नकोच. तो बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर स्क्रूने बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर सॉकेटकडे जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशीच ठिबकतं, पिनपर्यंत पोचत नाही. दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारे डबे, शक्यतो कपाटाबाहेर ठेवा. आत ते तापतातही आणि पावसाळ्यात त्यांच्यावर दवही धरतं. आयपी २० लिहिलेल्या ड्रायव्हरला पाण्यापासून कसलंच संरक्षण नसतं.

उजेड परावर्तित व्हावा म्हणून आतून लावतात ती चंदेरी शीट हा एक दुर्लक्षित धोका आहे. तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो आणि त्यातून वीज वाहू शकते. सॉकेट आणि उघड्या जोडांपासून ती वीतभर लांब कापा. पांढरा रंग लावला तरी काम भागतं, आणि माझं मत विचाराल तर रंगच बरा.

रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात

मनगटाची मागची बाजू रॅकला घासली की मुंगी चावल्यासारखं होतं, टेस्टर लावला की पेटतो. अशा वेळी ‘एलईडीचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. त्यात थोडं तथ्य आहे: ड्रायव्हरच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. पण अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जायला हवा. टेस्टर पेटतो याचा अर्थ अर्थिंग पोचलेलंच नाही, आणि उद्या खरा फेज बॉडीला लागला तर त्याला वाट मिळेल ती तुमच्यातून.

आधी प्लग बघा. मधे तीन पिनचं दोन पिन करणारा कन्व्हर्टर असेल तर दोष तिथेच. तसं नसेल तर वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतंच रिकामं असतं. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी ते आतून न्यूट्रललाच जोडलेलं असतं. मग न्यूट्रल तुटला की अख्खा रॅक फेजवर येतो.

वरचेवर ट्रिप होत असेल तर

सकाळी टायमर दिवे लावतो त्याच क्षणी एमसीबी पडत असेल, तर सगळे ड्रायव्हर एकदम चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, हे कारण असू शकतं. दिवे दोन टायमरवर वाटा आणि पाच मिनिटांचं अंतर ठेवा. थेट मोठी एमसीबी बसवू नका. वायर तीच राहते आणि तीच जळते.

आरसीसीबी पडत असेल तर सगळे प्लग काढा, ती वर करा आणि एकेक प्लग लावत जा. पहिला संशय पंपावर घ्या. काही तासांनी किंवा फक्त पावसाळी दिवसांत पडत असेल तर कुठेतरी ओल आहे. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष घराच्या वायरिंगमध्ये, बहुधा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरांत हे फार आढळतं. इथे स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. आणि ती पडू नये म्हणून बायपास करून देणारा भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. ती पडलीच पाहिजे. नाही पडली, तर नवी बसेपर्यंत पंपाचा प्लग काढून ठेवा आणि रोपांना मगाने पाणी घाला.